औंढ्याच्या माळावरची वेधशाळा

वेधशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक पांढरा घुमट येतो. घुमटाला एक फट असते आणि त्या फटीतून मोठी दुर्बीण आकाशाकडे तोंड करून असते. माझ्या भाच्याच्या डोळ्यांसमोरही तेच होते. लातूरहून फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, तिथं दुर्बीण बघायला मिळंल का?"

मी म्हणालो, "दुर्बीण नाही बाळा. तिथे दुर्बीण बसणारच नाही."

"मग जायचं कशाला?"

त्याचे म्हणणे खरे होते. पण त्याला घेऊन जाण्यामागे माझे वेगळे कारण होते, ते आधी सांगतो.

भाचा लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. 'लातूर पॅटर्न' वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या बहिणीनेही पोटाला चिमटा घेऊन दोन वर्षे त्याची नीटची शिकवणी भरली. डॉक्टर होण्याइतके गुण पडले नाहीत. मग घरात सगळ्यांना वाटू लागले की गेले सगळे पाण्यात. दाजी वेल्डर आहेत. शटर, ग्रील, खिडक्या, पाण्याच्या टाक्या, काय मिळेल ते काम करतात. त्यांचे म्हणणे असे की फिजिक्स शिकून कुणाचे पोट भरल्याचे पाहिले नाही, त्यापेक्षा पोलीस भरतीची तयारी कर. बहिणीने मला फोन केला, "दादा, तूच समजावून सांग त्याला. तुझं ऐकतो तो." समजावून काय सांगायचे हे मला कळेना. मी स्वतः बी.कॉम. माणूस, आयुष्य खतावणी आणि फायलींत गेलेले. मग वाटले, सांगण्यापेक्षा दाखवावे.

डिसेंबरातल्या शनिवारी रात्री तो अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचला. रविवारी सकाळी आम्ही दोघे एस.टी.ने वसमतला निघालो आणि तिथून दुसऱ्या गाडीने औंढा नागनाथला. वसमतच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हळद उभी होती, पाने पिवळी पडायला लागली होती. सोयाबीन निघून गेलेली राने मोकळी पडली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. गाडीत गर्दी बेताची होती. खिडकीशी जागा मिळाली आणि गप्पा सुरू झाल्या.

मी त्याला म्हणालो, "आपल्या मुलखाला वेधशाळा नवीन नाही." तो हसला. त्याला वाटले मामा थापा मारतो. पण आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड त्यातच, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तेही त्यातच. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या सरकारची वेधशाळा हैदराबादला होती, तिचे नाव निजामिया वेधशाळा. नवाब जफर जंग नावाच्या सरदाराला आकाशाचा नाद होता. त्यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने विलायतेहून १५ इंची दुर्बीण आणवली. १९०७ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. पुढे ती बेगमपेठेत उभी राहिली आणि नंतर उस्मानिया विद्यापीठाकडे गेली.

तिथले मुख्य काम ऐकून मला फार आपलेसे वाटले. १८८७ मध्ये पॅरिसला असे ठरले होते की जगातल्या वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घ्यायचे, आपापल्या वाट्याच्या पट्ट्याचे काचेवर फोटो काढायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून यादी करायची. हैदराबादच्या वाट्याला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. तो आधी दक्षिण अमेरिकेतल्या सँटियागोच्या वेधशाळेकडे होता, त्यांच्याकडून काम झाले नाही. मग १९१४ पासून हैदराबादच्या माणसांनी रात्री फोटो काढले आणि दिवसा काचेवरचे ठिपके मोजले. आकडे वहीत उतरवायचे, बेरीज-वजाबाकी करायची, पुन्हा तपासायचे. चार लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी अशा हातांनी झाल्या. त्याचे छापील खंड निघाले आणि ते जगभर गेले. आता सांगा, हे काम कारकुनाचे नाही तर कुणाचे? आमच्या कार्यालयात चाळीस नोंदींची यादी जुळली नाही तर साहेब डोक्यावर घेतात. इथे चार लाख!

भाच्याने विचारले, "त्या मोजणाऱ्यांची नावं आहेत का कुठं?"

प्रमुखांची आहेत. चॅटवूड, पोकॉक आणि १९१८ मध्ये पोकॉक वारल्यावर आलेले टी. पी. भास्करन. आकडे उतरवणाऱ्यांची नावे सहसा राहत नाहीत. पण त्या वेधशाळेतल्या एका सहायकाचा मुलगा मात्र सगळ्या जगाला माहीत झाला. वेणू बाप्पू त्याचे नाव. वडील निजामियात नोकरीला, त्यामुळे पोराचे लहानपण दुर्बिणीच्या सावलीत गेले. निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत हार्वर्डला गेला आणि तिथे १९४९ मध्ये त्याने एक धूमकेतू शोधला. त्या धूमकेतूला त्याचे आणि आणखी दोघांचे नाव आहे. भारतात परत येऊन त्याने तामिळनाडूत कावलूरला वेधशाळा उभी केली. १९७९ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला. कावलूरच्या मोठ्या दुर्बिणीला १९८६ पासून त्याचेच नाव आहे. (एकेरीत लिहिले, कारण सांगताना मी एका पोराची गोष्ट सांगत होतो. राग मानू नये.)

हे ऐकल्यावर भाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

औंढ्याला उतरलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून इथल्या नागनाथाच्या देवळात कायम गर्दी असते. संत नामदेवांचे नरसी गाव याच हिंगोली जिल्ह्यात, आणि विसोबा खेचरांची व नामदेवांची भेट औंढ्याची म्हणून सांगतात. देवळाचे जुने कोरीव दगडी काम बघण्यासारखे आहे. आम्हाला मात्र जायचे होते दुधाळ्याच्या बाजूला. तिथल्या माळावर 'लायगो-इंडिया' नावाची वेधशाळा उभी राहायची आहे, सुमारे १७४ एकर जागेवर.

वाट विचारायला आणि चहा घ्यायला एका टपरीवर थांबलो. तिथे एक वयस्कर शेतकरी बसले होते. कुठले, काय, विचारपूस झाली. लातूरचे म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजे तुमाला भूकंप म्हाईत हाय. आमच्याकडंबी भुईतून आवाज येतो, साहेब. ढग गडगडल्यावानी. मग मांडणीवरची भांडी वाजतात. लेकरं बाहेर पळतात."

हे खरे आहे. वसमत, कळमनुरी, औंढा या भागातल्या गावांत कितीतरी वर्षांपासून असे गूढ आवाज आणि लहान धक्के जाणवतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, मोठा ४.५ रिश्टरचा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा बसला, तो आम्ही नांदेडलाही अनुभवला. नांदेड शहरात तर २००६ नंतर काही वर्षे लहान धक्क्यांची मालिकाच चालली होती.

मी किल्लारीच्या वेळी लातूरला शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आमचे घर पत्र्याचे. पत्रे असे वाजले की वाटले वर कुणीतरी धावत आहे. आईने आम्हा भावंडांना फरफटत अंगणात आणले. आम्ही सगळे वाचलो. उजाडल्यावर औशाकडून बातम्या यायला लागल्या. तिकडे गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. रुंद दगडी भिंती, मातीचा गिलावा, वर मातीचे जड माळवद, सगळे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. आठ-दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे भुईसपाट झाली. कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. ज्यांना मोठे घर बांधणे कधी जमले नाही त्यांची लेकरे वाचली. त्या दिवसापासून जमीन स्थिर असते यावर माझा पुरता विश्वास राहिलेला नाही.

म्हणून मलाही प्रश्न पडला होता. ज्या यंत्राला जराही हादरा चालत नाही, ते यंत्र भुईतून आवाज येणाऱ्या मुलखात का बसवायचे? याचे उत्तर समजायला आधी यंत्र समजले पाहिजे. मी वाचून जेवढे समजून घेतले तेवढे साध्या भाषेत सांगतो.

आइन्स्टाइनने १९१६ मध्ये लिहून ठेवले की प्रचंड वजनाच्या वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या की अवकाशालाच लहरी सुटतात. विहिरीत दगड टाकल्यावर पाण्यावर वर्तुळे पसरतात तशा. या गुरुत्वीय लहरी आपल्याकडे येतात तेव्हा इतक्या क्षीण झालेल्या असतात की त्या कधी पकडता येतील असे खुद्द आइन्स्टाइनलाही वाटत नव्हते. त्या पकडण्यासाठी काटकोनात दोन नळ्या बांधतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. कोपऱ्यात लेसरचा एक झोत दोन भागांत फोडतात. एक भाग एका नळीत जातो, दुसरा दुसऱ्या नळीत. टोकाला आरसे असतात. झोत आरशांवरून शेकडो फेऱ्या मारून परत कोपऱ्यात एकत्र येतात. दोन्ही बाहू जेवढ्यास तेवढे असतील तर दोन्ही प्रकाश एकमेकांना खोडतात आणि अंधार राहतो. जमा आणि नावे सारखे, बाकी शून्य. लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो, हिशोब जुळत नाही आणि अंधारात उजेड दिसतो. किंचित म्हणजे किती? अणूच्या गाभ्यातला जो प्रोटॉन, त्याच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. चार किलोमीटरमध्ये एवढासा फरक ओळखायचा.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी तो ओळखला. दोन कृष्णविवरे, एक सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि दुसरे २९ पट वजनाचे, एकमेकांवर आदळून एक झाली होती. ही घटना घडली सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. तिची लहर तेवढी वर्षे चालून त्या दिवशी पृथ्वीवर पोचली आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शात निघून गेली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली, आणि सहा दिवसांतच भारत सरकारने तिसऱ्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. २०१७ चे नोबेल पारितोषिक राइनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न या तिघांना याच कामासाठी मिळाले. त्या शोधात आपल्या माणसांचाही हात आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतले डॉ. संजीव धुरंधर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याच गणितावर काम करत होते, म्हणजे सगळ्या गोंगाटातून ही एक बारीक लहर कशी निवडून काढायची याच्या.

तिसरी वेधशाळा कशाला, हे भाच्यानेच मला समजावले. "मामा, अंधारात कुत्रं भुंकलं तर एका कानानं दिशा कळत नाही. दोन कान लागतात. ते बी लांब लांब असले तर अजून बरं." अमेरिकेत दोन आहेत, एक इटलीत आहे, एक जपानमध्ये. लहर त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या फरकाने पोचते, त्या फरकावरून आकाशातली जागा काढतात. भारतातला कान या सगळ्यांपासून दूर, म्हणून त्याची किंमत मोठी. मी मनात म्हणालो, पोरगा फिजिक्स वाया घालवत नाही.

आता भूकंपाचे उत्तर. मोठा धक्का कुठेही बसला, अगदी परदेशात, तरी अशा यंत्राचे काम तात्पुरते थांबते. अमेरिकेतही थांबते. पुन्हा सगळे जुळवून ते सुरू करतात. ते अधूनमधून घडते. खरा त्रास रोजच्या हादऱ्यांचा असतो. रेल्वे, ट्रक, कारखाने, समुद्राच्या लाटा यांनी जमीन सतत बारीक थरथरत असते, आपल्याला जाणवत नाही एवढेच. औंढ्याचा माळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मोठ्या शहरांपासून दूर. बऱ्याच जागा पाहून, मोजमापे घेऊन ही निवडली गेली. शिवाय ४० किलोचे आरसे जमिनीवर ठेवत नाहीत, टांगतात. एकाखाली एक अशी चार वजने, आणि शेवटचा आरसा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेच्या चार धाग्यांवर. जमीन हलली तरी आरशाला पत्ता लागू नये म्हणून एवढा खटाटोप.

हे सगळे मी त्या शेतकरी बाबांना जमेल तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आरसा हलू नये म्हून एवढं करत्यात. आमचं घर हलू नये म्हून काय करायचं?"

मी काय सांगणार? त्यांचे घर दगड-मातीचे, वर माळवद. किल्लारीनंतर जे सांगितले गेले तेच मी पुन्हा सांगितले. छतावरचा मातीचा थर कमी करा, भिंतीत आडवे लांब दगड घाला, जमल्यास सिमेंटचा पट्टा ओढून घ्या. त्यांनी मान हलवली. पैसे कुठून आणायचे हे त्यांनी विचारले नाही, मीही बोललो नाही. पण हा प्रश्न मी तिथून उचलून आणला आहे, आणि आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो ठेवणार आहे.

माळाकडे गेलो. आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती, मागितलीही नव्हती. लांबून बघितले. उघडा मुरमाड माळ, दूर बसक्या टेकड्या आणि वारा. घुमट नाही की दुर्बीण नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली, ११ मे रोजी दिल्लीहून पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पुरे करायचे ठरले आहे. यंत्राचे बरेचसे भाग अमेरिकेकडून यायचे, आणि जागा, इमारती व नळ्या आपण करायच्या. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हे काम करत आहेत.

"मामा, चार किलोमीटर म्हंजे इथून पार त्या टेकडीपर्यंत येईल," भाचा हात लांब करून म्हणाला. मग दुसरा हात काटकोनात धरला आणि तसाच उभा राहिला. रस्त्याने जाणारा मोटारसायकलवाला वळून बघत गेला.

परतीच्या गाडीत मी त्याला मेघनाद साहांचे सांगितले. बापाचे किराणा दुकान, ढाक्याजवळचे खेडे, जात खालची समजलेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात जेवायच्या पंगतीवरून त्यांना अपमान सोसावा लागला. त्याच माणसाने १९२० मध्ये असे समीकरण मांडले की ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान ओळखता येऊ लागले. आज जगात कुठेही ताऱ्यांचा अभ्यास करायचा तर साहा समीकरण शिकावे लागते. भाचा म्हणाला, "आम्हाला ते पुढच्या वर्षी आहे." फक्त समीकरण आहे. माणूस अभ्यासक्रमात नाही.

एक काळजी मात्र मला आहे आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. वेधशाळा आपल्या दारात येईल आणि आपली मुले तिथे फाटकावर पहारेकरी म्हणून, नाहीतर खडी उचलायला जातील, असे व्हायला नको. कष्टाला मी कमी लेखत नाही. पण तिथे लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, निर्वात पंप, वेल्डिंग, विजेची कामे असणार. आय.टी.आय., डिप्लोमा, बी.एस्सी. झालेल्या हातांची गरज असणार. नांदेड, लातूर, हिंगोलीची मुले त्या जाहिरातींपर्यंत पोचणार का? पोचायचे तर आठवी-नववीतच गणित सुटता कामा नये. आपल्याकडे गणित सुटते ते तिथेच, आणि घरात कुणाला कळतही नाही.

रात्री नांदेडला पोचल्यावर भाच्याने लातूरला फोन लावला. मला वाटले आईशी बोलेल. तो वडिलांशी बोलत होता.

"पप्पा, नळी स्टेनलेस स्टीलची आहे. तीन एम.एम. जाडी. पत्रा पीळ देऊन गोल करत्यात, जिन्यासारखी वेल्डिंग जाती. सुमारे सव्वा मीटर रुंद. आतली सगळी हवा काढून टाकायची. अमेरिकेत हवा काढायलाच चाळीस दिवस लागले. कुठंच गळती नको. आठ किलोमीटरमध्ये सुईएवढं भोक बी चालत नाही."

पलीकडे दाजी गप्प होते. मग त्यांनी विचारले ते मला बाजूला बसूनही ऐकू आले, "मग गळती तपासत्यात कशी? साबणाचं पाणी लावून?"

"नाही पप्पा, बाहेरून हेलियम वायू सोडत्यात आणि आत आला का ते यंत्रावर बघत्यात."

"हेलियम म्हंजे फुग्यातला?"

"होय, तोच."

त्यानंतर बापलेक बराच वेळ वेल्डिंगवर बोलत होते. पोलीस भरतीचा विषय त्या रात्री तरी निघाला नाही.